रोजा, साखर आणि इन्सुलिनची सुई

रमजानचा चांद दिसायच्या आधीच्या आठवड्यात गावातल्या मेडिकल दुकानांत एक प्रश्न हमखास ऐकू येतो. "दिवसभर खायचंच नाही, तर मग इन्सुलिन कशाला घ्यायचं?" दुसरा प्रश्न घरात, दबक्या आवाजात विचारला जातो. "सुई टोचली तर रोजा तुटत नाही ना?" तिसरा प्रश्न मात्र कुणी तोंडातून काढत नाही. तो मनातच राहतो. "सगळं मोहल्लं रोज्यात असताना मी एकटाच कसा जेवू? लोक काय म्हणतील?"

हे तीन प्रश्न एकत्र आले की एखाद्या घरातली ईद दवाखान्यात साजरी होते. साखर एकदम खाली जाऊन भर दुपारी चक्कर येते, नाहीतर चार दिवस इन्सुलिन बंद ठेवल्याने साखर चढून श्वास लागतो. दोन्ही प्रकार टाळता येण्यासारखे असतात. म्हणूनच या तिन्ही प्रश्नांची उत्तरे रोजेदारांनी तर जाणून घ्यावीतच, पण त्यांच्या शेजारी राहणाऱ्या, त्यांच्यासोबत काम करणाऱ्या सगळ्यांनीच जाणून घ्यावीत. कारण मधुमेहाला जात-धर्म नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. आपल्या गल्लीत एकही मधुमेही नाही, असे सांगू शकणारा माणूस आता सापडणे कठीण.

उपाशीपोटी साखर वाढते कशी?

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करू. रक्तातली साखर फक्त जेवणातून येते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात आपले यकृत, म्हणजे लिव्हर, हे साखरेचे कोठार आहे. माणूस उपाशी असला की ते कोठार हळूहळू उघडते आणि मेंदू, हृदय यांना लागणारी साखर रक्तात सोडते. निरोगी माणसाच्या स्वादुपिंडातून अखंड झिरपणारे थोडेसे इन्सुलिन या कोठाराच्या दारावर राखण करते. किती साखर बाहेर सोडायची आणि ती पेशींनी कशी उचलायची, हे तेच ठरवते.

ज्याच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही किंवा फार कमी होते, त्याने बाहेरून घेतलेले इन्सुलिनही बंद केले तर या दारावर कुणीच उरत नाही. यकृत साखर सोडत राहते, पण पेशींना ती वापरता येत नाही. मग शरीर चरबी जाळायला लागते, त्यातून कीटोन नावाची आम्ले तयार होतात आणि रक्त आम्लधर्मी होऊ लागते. तहान, वारंवार लघवी, उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास ही त्याची लक्षणे. वेळेवर उपचार झाले नाहीत तर ही अवस्था जीव घेते. म्हणजे "खात नाही, म्हणून इन्सुलिन नको" हे गणित मुळातच चुकीचे आहे. रोज्यात इन्सुलिनची मात्रा आणि वेळ बदलावी लागते. ती किती बदलायची ते डॉक्टर ठरवतात. पण स्वतःच्या मनाने ते बंद करणे हा सर्वांत धोकादायक निर्णय आहे.

उपास हाच उपचार होता तेव्हा

इन्सुलिन म्हणजे काय देणगी आहे, हे कळायला शंभर वर्षे मागे जावे लागते. त्या काळी लहान मुलाला मधुमेह झाला तर डॉक्टरांच्या हाती एकच उपाय होता, त्याला जवळजवळ उपाशी ठेवणे. मोजूनमापून इतके कमी खायला द्यायचे की साखर वाढू नये. मुले हाडांचा सापळा होत, पण काही महिने, फार तर एक-दोन वर्षे जास्त जगत. आईबापांनी पोटच्या पोराला भुकेले ठेवायचे आणि तरीही एक दिवस ते जाणारच हे माहीत असायचे.

१९२१ मध्ये कॅनडातल्या टोरांटो शहरात फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी प्राध्यापक जॉन मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेत कुत्र्यांवर प्रयोग करून स्वादुपिंडातला हा रस वेगळा केला. जेम्स कॉलिप यांनी तो शुद्ध केला. ११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिले इंजेक्शन दिले गेले. औषध पुरेसे शुद्ध नसल्याने त्याचा फारसा उपयोग झाला नाही. २३ जानेवारीला सुधारित औषध टोचले आणि साखर उतरली. मरणाच्या दारात असलेला तो मुलगा आणखी १३ वर्षे जगला. पुढच्याच वर्षी बँटिंग आणि मॅक्लाउड यांना नोबेल पारितोषिक मिळाले. शोधाचे पेटंट मात्र अवघ्या एकेका डॉलरला टोरांटो विद्यापीठाला देऊन टाकले गेले. गरिबाला औषध मिळावे, कुणी त्याची मक्तेदारी करू नये, हा त्यामागचा विचार. बँटिंग यांचा जन्मदिवस, १४ नोव्हेंबर, आज जगभर मधुमेह दिन म्हणून पाळला जातो.

गाय, डुक्कर आणि जिवाणू

इन्सुलिनबद्दल अजूनही एक शंका मुसलमान, हिंदू आणि जैन अशा सगळ्याच घरांत निघते. "हे कशापासून बनवतात?" शंका अगदीच निराधार नाही. सुरुवातीची साठ वर्षे इन्सुलिन कत्तलखान्यांतून मिळणाऱ्या गायीबैलांच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडांपासून काढले जाई. कुणाला एकाची अडचण, कुणाला दुसऱ्याची, तर कुणाला दोन्हींची. जीव वाचवण्यासाठी पर्याय नसेल तर ते चालते, असेच बहुतेक धर्मपंडितांनी सांगितले होते. तरी मनाला टोचणी राहायचीच.

१९७८ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी मानवी इन्सुलिनची जनुकीय आज्ञा जिवाणूच्या पोटात घालून त्याच्याकडून इन्सुलिन बनवून घेतले. १९८२ मध्ये त्याच्या विक्रीला मान्यता मिळाली. आज आपल्याकडे सर्रास मिळणारे इन्सुलिन हे याच पद्धतीने, जिवाणू किंवा यीस्ट वापरून, मोठ्या टाक्यांमध्ये तयार होते. २००३ मध्ये वोखार्ट या भारतीय कंपनीनेही असे मानवी इन्सुलिन बाजारात आणले. तिचा जैवतंत्रज्ञान प्रकल्प आपल्या मराठवाड्यात, औरंगाबादेत म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात आहे. तेव्हा त्या जुन्या टोचणीला आता कारण उरलेले नाही.

सुईने रोजा तुटतो का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. इन्सुलिन त्वचेखाली टोचले जाते. ते अन्न नाही, पाणी नाही आणि ते तोंडावाटे पोटात जात नाही. जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९९७ च्या ठरावात, पोषणासाठी नसलेल्या इंजेक्शनने रोजा तुटत नाही, असे स्पष्ट केले आहे. तपासणीसाठी रक्त काढल्यानेही तो तुटत नाही. आपल्याकडच्या बहुतेक उलेमांचेही मत हेच आहे. बोटाला टोचून ग्लुकोमीटरवर साखर बघणे किंवा दंडावर सेन्सर लावून ठेवणे, यांनीही रोज्याला बाधा येत नाही.

हे माहीत नसल्यामुळे किती नुकसान होते! दुपारी हातपाय थरथरतात, पण बोट टोचले तर रोजा जाईल या भीतीने कुणी साखर तपासत नाही. "असर की नमाज के बाद देखेंगे" म्हणत वेळ निघून जाते. ज्याला तपासायची मुभा आहे त्याने ती वापरलीच पाहिजे. सहेरीच्या आधी, सकाळी, दुपारी, इफ्तारच्या आधी, इफ्तारनंतर दोन तासांनी आणि कधीही जिवाला बरे वाटेनासे झाले तर, साखर बघावी.

सवलत म्हणजे कमीपणा नव्हे

आता तो न बोललेला तिसरा प्रश्न. कुरआनमध्ये रोज्याचा हुकूम ज्या ठिकाणी आला आहे, त्याच ठिकाणी आजारी आणि प्रवासी माणसाला सूट दिलेली आहे. त्याने नंतरच्या दिवसांत रोजे भरून काढावेत. ज्याला ते कधीच शक्य नाही, त्याने प्रत्येक रोज्याच्या बदल्यात एका गरिबाला जेवू घालावे. यालाच फिदया म्हणतात. अल्लाहला तुमच्यासाठी सोपे हवे आहे, अवघड नको, असा खुलासाही तिथेच आहे. ज्याने हुकूम दिला, सूटही त्यानेच दिली. मग ती घ्यायला लाज कशाची?

आजारामुळे रोजा मध्येच सोडावा लागला तर त्या एका रोज्याची कजा, म्हणजे नंतर एक रोजा, एवढेच करावे लागते. साठ रोज्यांचा कफ्फारा जाणूनबुजून, विनाकारण रोजा तोडणाऱ्यासाठी आहे. हा फरक माहीत नसल्याने अनेक वडीलधारी माणसे साखर खाली गेली तरी तोंडात खडीसाखर घालत नाहीत.

तरीही मन ऐकत नाही, हेही खरे. पन्नास वर्षे एकही रोजा न चुकवलेल्या दादीला "आता तुम्ही ठेवू नका" म्हटले की तिच्या डोळ्यांत पाणी येते. तिला ते औषध बंद करण्यासारखे नाही, तर घरातून वेगळे काढल्यासारखे वाटते. २००१ मध्ये १३ देशांतल्या १२ हजारांहून अधिक मधुमेही मुसलमानांची पाहणी झाली. त्यात पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या सुमारे ४३ टक्के आणि दुसऱ्या प्रकारच्या सुमारे ७९ टक्के रुग्णांनी रमजानमध्ये किमान १५ रोजे ठेवल्याचे दिसले. त्याच पाहणीत साखर धोकादायकरीत्या खाली जाण्याचे प्रमाण पहिल्या प्रकारात जवळजवळ पावणेपाच पट आणि दुसऱ्या प्रकारात साडेसात पट वाढलेले आढळले. म्हणजे लोक रोजा ठेवणारच. मग "ठेवू नका" एवढेच सांगून भागत नाही. कुणी ठेवू नये आणि ज्याने ठेवायचा त्याने कसा ठेवावा, हे दोन्ही सांगावे लागते.

ज्यांनी रोजा न ठेवणेच बरे, असे डॉक्टर सांगतात, त्यांत पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेले बहुतेक रुग्ण येतात. गेल्या तीन महिन्यांत साखर फार खाली गेलेले, मूत्रपिंडे निकामी होत आलेले किंवा डायलिसिसवर असलेले, इन्सुलिनवर असलेल्या गरोदर स्त्रिया, एकटे राहणारे थकलेले वृद्ध आणि उन्हात अंगमेहनत करणारे इन्सुलिनवरचे मजूर हेही त्यांत येतात. बाकीच्यांनी रमजानच्या सहा-आठ आठवडे आधीच डॉक्टरांना भेटावे. शाबानमध्ये एक-दोन नफील रोजे ठेवून साखर तपासली की शरीर काय म्हणते ते कळते. ते राहून गेले असेल तर आजही उशीर झालेला नाही. डॉक्टर कोणत्या धर्माचे आहेत, हा प्रश्न इथे येत नाही. "डॉक्टरसाहेब, मला रोजा ठेवायचा आहे" एवढे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. लपवून ठेवलेल्या रोज्याचा डोस कोणताही डॉक्टर बसवू शकत नाही.

मात्रा, वेळ आणि सिरिंज

रमजानमध्ये दिवसाची जेवणे रात्रीकडे सरकतात, म्हणून इन्सुलिनही सरकते. साधारणपणे सकाळची मोठी मात्रा इफ्तारकडे जाते, संध्याकाळची मात्रा कमी करून सहेरीला येते, दुपारच्या जेवणाची मात्रा गळते आणि चोवीस तास चालणारे इन्सुलिन थोडे कमी करून इफ्तारला घेतले जाते. पण हे झाले सर्वसाधारण सूत्र. प्रत्येकाचा आकडा डॉक्टरांनीच लिहून द्यायचा. शेजारच्या चाचांचा डोस बघून आपला ठरवू नये.

इफ्तारच्या वेळी एक चूक वारंवार होते. अजानच्या आधी सुई घेतली, अजान झाली, एक खजूर आणि घोटभर पाणी घेऊन मगरीबच्या नमाजला मशिदीत गेले, तिथून ओळखीच्यांशी बोलत अर्ध्या-पाऊण तासाने घरी. तेवढ्यात जलद काम करणाऱ्या इन्सुलिनने साखर खाली आणलेली असते. अशा इन्सुलिनचा आणि जेवणाचा वेळ जुळला पाहिजे. नमाज आधी की जेवण आधी, हे डॉक्टरांना सांगूनच सुईची वेळ ठरवावी.

सिरिंजची गफलत तर आणखी गंभीर. आपल्याकडे साध्या इन्सुलिनच्या बाटलीत एका मिलिलिटरला ४० युनिट असतात, तर पेनच्या काडतुसात १०० युनिट. ४० ची सिरिंज लाल टोपणाची, १०० ची केशरी टोपणाची. पेनच्या काडतुसातले औषध लाल टोपणाच्या सिरिंजने ओढले तर अडीचपट इन्सुलिन अंगात जाते. रोज्यात हे जिवावर बेतू शकते. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच आहे ना, हे घरातल्या शिकलेल्या मुलाने एकदा तरी बघावे. सुई पोटावर, बेंबीपासून दोन बोटे लांब किंवा मांडीवर घ्यावी आणि जागा रोज बदलावी. एकाच जागी टोचत राहिले की तिथे गाठ होते आणि औषध नीट लागू पडत नाही.

न उघडलेले इन्सुलिन फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांवर ठेवावे, फ्रीझरमध्ये कधीही नाही. गोठलेले इन्सुलिन वाया गेले. वापरात असलेली बाटली सावलीत, थंड जागी साधारण चार आठवडे टिकते. फ्रीज नसेल तर माठाच्या गारव्यात, पाणी लागणार नाही अशा बंद डब्यात ठेवावी.

दस्तरखानावर

सहेरी शक्य तितकी उशिरा आणि पोटभर करावी. फेण्या, शेवया, मैद्याचा पाव यांनी साखर झटकन चढते आणि झटकन उतरते. ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळ, अंडी, दही, भाजी हे हळू पचतात आणि दुपारपर्यंत साथ देतात. इफ्तारला खजूर सुन्नत आहे, एक-दोन खजूर पुरेत. सरबताचे गोड ग्लास, तळलेली भजी आणि समोसे मात्र मधुमेह्याच्या ताटात थोडेच असावेत. इफ्तार ते सहेरी पाणी भरपूर प्यावे. तरावीहची नमाज हाही व्यायामच आहे, म्हणून जाताना खिशात साखरेची पुडी आणि पाण्याची बाटली असू द्यावी.

आणि एक नियम तर फ्रीजच्या दारावर लिहून चिकटवावा. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडायचा, अजानला दहाच मिनिटे उरली असली तरी. साखर खाली गेली तर तीन छोटे चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता सरळ दवाखाना. साखर ३०० च्या वर असेल तर पाणी प्यायचे आणि डॉक्टरांना फोन करायचा.

ज्या मुलांचा फोटो छापून येत नाही

रमजानमध्ये वर्तमानपत्रांत पहिला रोजा ठेवलेल्या चिमुकल्यांचे फोटो येतात. गळ्यात हार, डोक्यावर नवी टोपी, चेहऱ्यावर अभिमान. पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेले मूल हे फोटो बघते आणि विचारते, "अम्मी, मेरा रोजा कब?" दिवसातून चार सुया घेणाऱ्या त्या पोराला काय सांगावे, हे आईला कळत नाही. तिने निर्धास्तपणे सांगावे, की तू रोज जो सबर करतोस तो कुठल्याही रोज्यापेक्षा कमी नाही. त्या मुलाच्या हातून एखाद्या गरिबाच्या घरी इफ्तारचा डबा पाठवावा. त्यालाही रमजान आपला वाटेल.

हीच गोष्ट दुसऱ्या घरांतही घडते. आषाढी एकादशीला इन्सुलिन टाळून निर्जळी उपास करणारी आजी, नवरात्रात नऊ दिवस साबुदाण्यावर राहणारी ताई, पर्युषणात अठ्ठाई करणारे काका, यांच्या यकृताला पंचांग कळत नाही. साखर चढण्या-उतरण्याचे नियम सगळ्यांना सारखेच. इन्सुलिन आपल्या मनाने बंद करायचे नाही, साखर तपासायची आणि गरज पडली तर उपास सोडायचा, ही तीन वाक्ये प्रत्येक घराच्या कामाची आहेत.

म्हणून शेजाऱ्यांनाही एक विनंती. रमजानमध्ये दुपारी कुणी मुसलमान सहकारी पाणी पिताना दिसला तर "काय, आज रोजा नाही?" असे विचारू नये. तो सकाळी सुई घेऊन, मन मारून कामावर आलेला असू शकतो. आणि रोज्यात असलेला मित्र अचानक घामाघूम होऊन असंबद्ध बोलू लागला, तर "रोजा आहे त्याचा" म्हणून थांबू नये. त्याला साखर द्यावी. त्याचा धर्म त्याला ती घ्यायला परवानगी देतो.

ईदच्या सकाळी शीरखुर्म्याची वाटी समोर येईल, तेव्हा ती लहान असावी आणि सुईचा हिशेब करून घ्यावी. दारी आलेल्या प्रत्येकाला आग्रह करावा, पण "मला शुगर आहे" म्हणणाऱ्याला दुसऱ्यांदा आग्रह करू नये. त्याच्यासमोर बदाम-पिस्ते ठेवावेत आणि गप्पा मात्र पोटभर माराव्यात.